आवर्तसारणी उभी वाचायला शिकवा

आलेला प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तराचा संदर्भ राहील. मुलगी दहावीला आहे. विज्ञानाच्या पहिल्या भागातला ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा धडा आला आणि तिने सारणी डावीकडून उजवीकडे पाठ करायला घेतली. आज केलेले उद्या विसरते. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत. डोबेरायनर, न्यूलँड्स या एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या कल्पना शेवटी टिकल्या नाहीत, तर त्या शिकायच्या कशाला? एका गणातली मूलद्रव्ये ‘सारखी’ म्हणजे नेमकी कशी सारखी? आणि ११८ नावे खरेच पाठ हवीत का?

मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवते आहे, दहावीलाही आणि बारावीलाही. हा धडा बहुतेक मुलांना अवघड जातो तो ती सारणी आडवी वाचतात म्हणून. सारणी तयार झाली ती उभ्या रकान्यांतून, म्हणजे गणांतून. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ साली. त्याआधी जवळजवळ सत्तर वर्षे रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळीतल्या वागणुकीवरून मूलद्रव्यांची घराणी ओळखत होते. अणूच्या आत काय आहे याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती, तरीही घराणी बरोबर निघाली. इतिहास शिकायचा तो यासाठी. एकदा घराणी कळली की आडवी ओळ आपोआप समजते, आणि पाठांतर फारच थोडे उरते.

आधी एक घराणे जवळून पाहू. सोडिअमचा तुकडा रॉकेलमधून चिमट्याने बाहेर काढला, टिपकागदावर पुसला आणि सुरीने कापला, तर तो घट्ट लोण्यासारखा कापला जातो. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बघता बघता तिच्यावर करडी साय धरते. वाटाण्याएवढ्याहूनही लहान तुकडा पाण्यात टाकला की तो वितळून गोळी होतो आणि सूं सूं आवाज करत पृष्ठभागावर इकडून तिकडे धावतो. पाण्यात आधी फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकले असतील तर गोळी जाईल तिथे गुलाबी रेघ उमटते. आता हेच लिथिअमने केले तर सगळे संथपणे घडते. तुकडा वितळतसुद्धा नाही, कारण त्याचा द्रवणांक १८० अंश आहे. पोटॅशिअम मात्र पाण्याला लागताच जांभळट ज्योतीने पेटते. रुबिडिअम आणि सिझिअम तर शाळेच्या प्रयोगशाळेत आणूच नयेत. पाचांचे वागणे एकाच जातीचे, फक्त खाली जाऊ तशी तीव्रता वाढते. द्रवणांक बघा: लिथिअम १८०, सोडिअम ९८, पोटॅशिअम ६३, रुबिडिअम ३९, सिझिअम २८ अंश सेल्सिअस. ‘सारखी’ याचा अर्थ हा. जात एक, आणि वरून खाली एका दिशेने होत जाणारा बदल. ‘गणात गुणधर्म सारखे असतात’ एवढेच वाक्य मुले लिहितात आणि त्यातला दुसरा अर्धा भाग, जो खरा कामाचा, तो गाळतात.

डोबेरायनर यांना हेच दिसले होते. जर्मनीतल्या येना इथे ते प्राध्यापक होते. १८२९ साली त्यांनी मांडलेली त्रिके आजही हिशेब करून बघण्यासारखी आहेत. लिथिअम ७, पोटॅशिअम ३९. बेरीज ४६, निम्मे २३, म्हणजे सोडिअम. कॅल्शिअम ४०, बेरिअम १३७. निम्मे ८८ च्या आसपास, म्हणजे स्ट्रॉन्शिअम. यातले ब्रोमीनचे त्रिक मला सर्वांत आवडते. ब्रोमीन १८२६ मध्ये बालार या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मिठागरांच्या उरलेल्या खाऱ्या पाण्यात सापडले. रंग, वास, उत्कलनांक, सगळ्याच बाबतींत ते क्लोरीन आणि आयोडीन यांच्या मधले निघाले. क्लोरीन ३५.५ आणि आयोडीन १२७ यांची सरासरी ८१ येते. ब्रोमीनचे अणुवस्तुमान मोजले गेले ते ८० भरले. हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हता. वस्तुमान आणि वागणूक यांचा काहीतरी संबंध आहे, याची ती पहिली खूण होती. त्रिके मोजकीच निघाली, सगळ्या मूलद्रव्यांना ती लावता येईनात, एवढीच त्यांची मर्यादा. त्यांना ‘चुकीची’ म्हणू नये. आजच्या सारणीत ती तिन्ही त्रिके उभी जशीच्या तशी आहेत.

पुढची तीस वर्षे गाडी अडली ती वस्तुमानांवरच. एकाच मूलद्रव्याला दोन शास्त्रज्ञ दोन वेगळी अणुवस्तुमाने वापरत. कुणी ऑक्सिजन ८ धरी, कुणी १६. सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरुहे इथे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जमले आणि तिथे कानिझारो या इटालियन शास्त्रज्ञाने अ‍ॅव्होगाड्रोच्या नियमावर उभी केलेली वस्तुमाने निकाल लावणारी ठरली. त्या सभेला तरुण मेंडेलीव्ह हजर होते आणि लोथर मायरही. दोघांनी पुढे स्वतंत्रपणे सारण्या मांडल्या, यात नवल नाही. पाठ्यपुस्तकात ही सभा फारशी येत नाही. माझ्या मते ती यायला हवी, कारण आकडे नीट झाल्याशिवाय क्रम लागणे शक्यच नव्हते.

न्यूलँड्स यांनी १८६५ साली सांगितले की वस्तुमानाच्या क्रमाने लावले तर दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते. लिथिअमपासून आठवे सोडिअम, त्यापासून आठवे पोटॅशिअम. कॅल्शिअमपर्यंत हे उत्तम चालते. त्यापुढे मात्र त्यांना कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबून फ्लुओरीन-क्लोरीनच्या रांगेत बसवावे लागले, आणि लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या रांगेत गेले. लंडनच्या केमिकल सोसायटीत १८६६ साली त्यांना कुणीतरी विचारले की, मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का? मला ही थट्टा आजही बोचते. दर आठव्याला पुनरावृत्ती ही त्यांची नोंद त्या काळच्या यादीपुरती अचूक होती. आज आपण मोजले तर लिथिअमपासून सोडिअम नववे येते, कारण मधे निऑन आहे, आणि निऑनसारखे वायू तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने न्यूलँड्स यांना डेव्ही पदक दिले. उशिरा का होईना, दिले.

आता मेंडेलीव्ह. १८६९ साली त्यांच्यासमोर ६३ मूलद्रव्ये होती. वस्तुमानाचा क्रम त्यांनीही घेतला, पण जिथे क्रम आणि घराणे यांचे जुळेना तिथे त्यांनी घराण्याचा कौल मानला. त्यांचे मोठेपण यात आहे. दोन उदाहरणे हिशेबासकट देते, मुलीकडून करून घ्या.

पहिले सेलेनिअमचे. वर गंधक ३२, खाली टेल्युरिअम १२८, डावीकडे अर्सेनिक ७५, उजवीकडे ब्रोमीन ८०. बेरीज ३१५, भागिले चार, उत्तर ७८.७५. सेलेनिअमचे अणुवस्तुमान ७९ आहे. चार शेजाऱ्यांवरून मधल्याचा अंदाज बांधायची ही रीत मेंडेलीव्ह यांचीच.

दुसरे बेरिलिअमचे, आणि ते अधिक खोल आहे. प्रयोगात बेरिलिअमचे जेवढे वजन हायड्रोजनच्या एका भागाची जागा घेते ते निघाले ४.५. आता संयुजा, म्हणजे एक अणू हायड्रोजनच्या किती अणूंची जागा घेतो ती, किती धरायची? बेरिलिअमचे वागणे अ‍ॅल्युमिनिअमशी मिळतेजुळते, म्हणून पुष्कळांनी तीन धरली. ४.५ गुणिले ३ म्हणजे १३.५. पण १३.५ वस्तुमानाचे मूलद्रव्य कार्बन १२ आणि नायट्रोजन १४ यांच्या मधे येते, आणि तिथे जागाच नाही. मेंडेलीव्ह यांनी संयुजा दोन धरली: ४.५ गुणिले २, नऊ. लिथिअम ७ आणि बोरॉन ११ यांच्या बरोबर मधे, मॅग्नेशिअमच्या डोक्यावर. पुढे बेरिलिअम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली गेली तेव्हा नऊच खरे ठरले. युरेनिअमचे वस्तुमानही असेच त्यांनी १२० वरून थेट २४० केले. अ‍ॅल्युमिनिअमशी बेरिलिअमचे साम्य खोटे नव्हते, बरे का. दुसऱ्या आवर्तातल्या, म्हणजे दुसऱ्या आडव्या ओळीतल्या, मूलद्रव्यांचे तिरक्या शेजाऱ्याशी साम्य असते. लिथिअम मॅग्नेशिअमच्या वळणावर जाते, बेरिलिअम अ‍ॅल्युमिनिअमच्या. दहावीला हे विचारत नाहीत, अकरावीला भेटेल.

१८७१ मध्ये त्यांनी मोकळ्या सोडलेल्या तीन घरांचे सविस्तर वर्णन छापले: एका-बोरॉन (संस्कृत ‘एक’ वरून: बोरॉनच्या खालचे पहिले घर), एका-अ‍ॅल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. चार वर्षांनी, १८७५ मध्ये, लकॉक द ब्वाबोद्रां यांना पिरेनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजात वर्णपटाच्या साह्याने गॅलिअम सापडले. त्यांनी घनता मोजली ४.७. मेंडेलीव्ह यांनी कळवले की ती ५.९ ते ६ असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून पाहा. नमुना शुद्ध केला, पुन्हा मोजले, ५.९ आली. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता त्याने, हातात घेऊन तोलणाऱ्याची चूक दाखवली! वर्गात हे सांगताना मला अजूनही भरून येते. गॅलिअम २९.८ अंशांना वितळते. आपल्याकडच्या मे महिन्यात ते बाटलीतच पातळ होऊन बसते. तो सहज वितळेल हेही भाकितात होते.

स्कँडिअम १८७९ मध्ये निल्सन यांना मिळाले, ते एका-बोरॉन. आणि १८८६ मध्ये फ्रायबर्गचे विंक्लर चांदीच्या एका नव्या खनिजाचे पृथक्करण करत होते. सगळे घटक मोजून बेरीज ९३ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबे. सुमारे सात टक्के हिशेबाबाहेर राहत. त्या सात टक्क्यांचा पाठपुरावा करता करता त्यांनी जर्मेनिअम वेगळे केले. ते नेमके कुठल्या घरातले, यावर सुरुवातीला घोळ झाला. विंक्लर यांना ते अँटिमनीच्या बाजूचे वाटले आणि खुद्द मेंडेलीव्ह यांना कॅडमिअमच्या. आकडे हाती आल्यावर शंका उरली नाही. एका-सिलिकॉनचे भाकीत: वस्तुमान ७२, घनता ५.५, क्लोराइड १०० अंशांखाली उकळेल, क्लोराइडची घनता १.९. जर्मेनिअम: वस्तुमान ७२.६, घनता ५.३५, क्लोराइड सुमारे ८४ अंशांना उकळते, त्याची घनता १.८८.

परीक्षेत ‘मेंडेलीव्हच्या सारणीतील गुण लिहा’ असा प्रश्न आला तर एवढे चार आकडे लिहावेत. दहा ओळींचे वर्णन लिहिण्यापेक्षा ते बरे.

हॅलोजनांकडे, म्हणजे फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांच्या घराण्याकडे येऊ, कारण इथे मुले हमखास उलटे लिहितात. अल्क धातूंत, म्हणजे लिथिअम-सोडिअमच्या घराण्यात, खाली जाऊ तशी अभिक्रियाशीलता वाढते, हॅलोजनांत ती कमी होते. पाठ केलेले असेल तर परीक्षेच्या दिवशी गोंधळ ठरलेला. एक प्रयोग पाहिला की गोंधळ जातो. पोटॅशिअम आयोडाइडचे द्रावण पाण्यासारखे स्वच्छ असते. त्यात क्लोरीनचे पाणी थेंब थेंब टाकले की ते पिवळे, मग तपकिरी होत जाते. स्टार्चचा थेंब टाकला तर गडद निळे. क्लोरीनने आयोडीनला संयुगातून बाहेर काढले. आता उलटे करा: पोटॅशिअम क्लोराइडमध्ये आयोडीन घाला. काही होत नाही. ब्रोमीन मधला, तो आयोडीनला हटवतो, क्लोरीनपुढे त्याचे चालत नाही. डोबेरायनर यांनी बघितलेले ‘मधलेपण’ इथे परीक्षानळीत दिसते. खोलीच्या तापमानाला फ्लुओरीन व क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू, ही पायरीही त्याच दिशेची. स्टार्चची खूण घरी पाहायची असेल तर जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब बटाट्याच्या कापावर टाका.

दोन गणांत दिशा उलट का, याचे कारण इलेक्ट्रॉनांत आहे. सोडिअमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याची प्रवृत्ती तो देऊन टाकण्याची. खाली जाऊ तसे कवच वाढते, तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, मधल्या कवचांची आड येते, आणि तो काढायला ऊर्जा कमी लागते: लिथिअमला ५.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सोडिअमला ५.१४, पोटॅशिअमला ४.३४, सिझिअमला ३.८९. हॅलोजनाला एक इलेक्ट्रॉन हवा असतो. तो ओढून घ्यायला बाहेरचे कवच केंद्रकाच्या जवळ असलेले बरे, म्हणून लहान अणू वरचढ. कारण एकच, अणूचा वाढता आकार. देणाऱ्याला तो सोयीचा, घेणाऱ्याला गैरसोयीचा.

याच ठिकाणी हुशार मुले एक शंका काढतात आणि तिचे उत्तर टाळू नये. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात असे शिकवले, मग पोटॅशिअमचे संरूपण २, ८, ९ का नाही, २, ८, ८, १ का? कवचांच्या आत उपकवचे असतात. तिसऱ्या कवचाचे शेवटचे उपकवच, ३डी, हे पोटॅशिअमपाशी चौथ्या कवचाच्या ४एस पेक्षा जास्त ऊर्जेचे असते. इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेची जागा आधी घेतो, म्हणून एकोणिसावा आणि विसावा ४एस मध्ये जातात. त्यानंतर ३डी भरायला लागते आणि तिथे दहा जागा असतात. स्कँडिअम ते जस्त अशी बरोबर दहा संक्रामक मूलद्रव्ये त्यामुळेच येतात. आवर्तांच्या लांब्या २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशा का, याचे उत्तर यातच आहे. बेरीज करून बघा, ११८ येते.

राजवायूंची, म्हणजे निऑनसारख्या निष्क्रिय वायूंची, गोष्ट वेगळी आहे आणि मेंडेलीव्ह यांच्या पद्धतीची मर्यादा ती नेमकी दाखवते. घराण्यातला एक सदस्य हरवला असेल तर शेजारी त्याचा पत्ता सांगतात. पण सगळे घराणेच अज्ञात असेल तर? १८६९ च्या सारणीत त्यांच्यासाठी एकही मोकळे घर नव्हते. रॅले यांच्या लक्षात आले की हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनची घनता लिटरला १.२५७२ ग्रॅम भरते आणि रासायनिक संयुगातून मिळवलेल्याची १.२५०५. अर्धा टक्का फरक. दुसऱ्या कुणी तो प्रयोगाची चूक म्हणून सोडला असता. रॅले आणि रॅम्से यांनी तो सोडला नाही, आणि १८९४ मध्ये ऑरगॉन हाती लागला. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, १७८५ मध्ये, कॅव्हेंडिश यांच्या नळीत सगळा नायट्रोजन काढून घेतल्यावर एक छोटा बुडबुडा उरला होता. मूळ वायूच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. तो ऑरगॉनच होता.

मेंडेलीव्ह यांना ऑरगॉन पटेना; तीन अणूंचा नायट्रोजन असावा असे त्यांचे म्हणणे. पण १८९५ मध्ये रॅम्से यांना युरेनिअमच्या खनिजातून हेलिअम मिळाला आणि १८९८ मध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन एकाच वर्षात शोधले. अख्खा नवा रकाना उभा राहिला, आणि तो हॅलोजन व अल्क धातू यांच्या मधे इतका बिनबोभाट बसला की बाकीचे एकही घर हलवावे लागले नाही. सारणी खरी असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. हेच रॅम्से १९०० साली जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेबाबत सल्ला द्यायला भारतात आले होते आणि संस्थेसाठी बंगळूरची जागा त्यांनीच सुचवली.

हेलिअमचे नाव निघाले की कोकणातली मुले विजयदुर्ग किल्ला आठवतात, कारण तिथून ग्रहण पाहताना लॉकियर या शास्त्रज्ञाला हेलिअम सापडला असे सांगतात; त्याविषयी स्पष्ट लिहायला हवे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी गेली आणि सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात सोडिअमच्या दोन पिवळ्या रेषांजवळ एक तिसरी पिवळी रेषा दिसली. फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते. ज्यांचे नाव विजयदुर्गाशी जोडले जाते ते लॉकियर मात्र त्या ग्रहणाला भारतात नव्हते. त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि ती रेषा नव्या मूलद्रव्याची आहे असे पुढे मांडले. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलिअम दिन होतो, मुले जमतात, दुर्बिणी लावतात, हे मला मनापासून आवडते. तो कार्यक्रम चालू राहावा आणि तिथे मुलांना लॉकियर यांची खरी हकीकतही सांगितली जावी.

राजवायू काहीच करत नाहीत, हा समजही १९६२ मध्ये गेला. नील बार्टलेट यांनी ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढून घेईल असे प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड वापरले होते. ऑक्सिजनच्या रेणूची आयनन ऊर्जा (एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) १२.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि झेनॉनची १२.१३. दोन्ही जवळजवळ सारख्या, मग झेनॉनवर का नाही? करून पाहिले, आणि नारिंगी-पिवळे घन संयुग मिळाले. इथेही गणातली दिशाच कामाला आली: खाली जाऊ तसा इलेक्ट्रॉन काढणे सोपे. निऑनवर हा प्रयोग चालणार नाही याचे कारण तेच.

वस्तुमानाच्या क्रमाला छेद देणाऱ्या जोड्या तोवर टोचतच होत्या. टेल्युरिअम १२७.६ आणि आयोडीन १२६.९, वस्तुमानाने आयोडीन आधी यायला हवे, वागणुकीने ते हॅलोजन. ऑरगॉन-पोटॅशिअमचे तेच, कोबाल्ट-निकेलचे तेच. मेंडेलीव्ह यांनी टेल्युरिअमचे वस्तुमानच चुकीचे मोजले असणार असे मानले; तिथे त्यांचा अंदाज फसला, आयोडीन हॅलोजनांत ठेवण्याचा निर्णय मात्र बरोबर ठरला. १९१३ मध्ये हेन्री मोस्ले यांनी मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजली. तिचे वर्गमूळ मूलद्रव्यागणिक सारख्या टप्प्याने वाढत होते, आणि तो टप्पा केंद्रकावरील प्रभाराचा, म्हणजे अणुअंकाचा होता. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. कुठले अंक रिकामे आहेत हेही आता बोट ठेवून सांगता येऊ लागले. मोस्ले १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

रिकाम्या अंकांपैकी ७२ ची हकीकत गणाचे महत्त्व पटवायला पुरेशी आहे. बरेच जण ते मूलद्रव्य लँथनाइडांच्या, म्हणजे सारणीखाली वेगळ्या काढलेल्या पहिल्या रांगेतल्या मूलद्रव्यांच्या, खनिजात शोधत होते. नील्स बोर यांच्या अणूच्या मांडणीनुसार लँथनाइडांची मालिका ७१ पाशी संपते, आणि ७२ झिर्कोनिअमच्या खाली, त्याच्या घराण्यात पडते. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी मग झिर्कोनिअमचे खनिज तपासले आणि १९२३ च्या सुरुवातीलाच हाफ्निअम हाती आले. ते तोवर झिर्कोनिअमच्या प्रत्येक नमुन्यात लपून बसले होते. लपू शकले, कारण मधल्या चौदा लँथनाइडांमुळे अणू आकसतो आणि एक कवच जास्त असूनही हाफ्निअम आकाराने झिर्कोनिअमएवढेच राहते. रासायनिक वागणूक जवळजवळ तीच. मात्र केंद्रकाच्या पातळीवर दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे: हाफ्निअम झिर्कोनिअमच्या पाचशेपटींहून जास्त न्यूट्रॉन गिळते. तारापूरच्या अणुभट्टीत इंधन ज्या झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, त्यांत हाफ्निअम राहिले तर अणुभट्टीच न्यूट्रॉनांविना उपाशी राहील. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये म्हणून हे दोन सख्खे धातू द्रावकांच्या साह्याने वेगळे करावे लागतात, आणि ते काम किचकट आहे, कारण एका गणातल्या एवढ्या सारख्या जोडीत पकडायला फरकच सापडत नाही.

दुसऱ्या गणाचेही असेच. क्युरी दांपत्याला पिचब्लेंड या युरेनिअमच्या खनिजातली किरणोत्सारिता बेरिअमसोबत खाली बसताना दिसली. बेरिअम स्वतः किरणोत्सारी नाही, म्हणजे त्याच्यासोबत त्याच्याच घराण्यातले कुणीतरी अज्ञात होते. ते रेडिअम, १८९८. आणि स्ट्रॉन्शिअम-९० हा अणुस्फोटातला घटक हाडांत का जाऊन बसतो? शरीर त्याला कॅल्शिअम समजते. पोटाचा एक्स-रे काढताना बेरिअम सल्फेट पाजतात, कारण या गणात खाली जाऊ तशी सल्फेटची विद्राव्यता घटते; बेरिअम विषारी असले तरी त्याचे सल्फेट विरघळतच नाही.

तेरा ते सोळा या गणांबद्दल दहावीपुरते थोडक्यात: इथे वरचे सदस्य अधातू, खालचे धातू आणि मधे धातुसदृशांची नागमोडी रेघ. कार्बनपासून शिशापर्यंत उतरताना हा बदल सर्वांत स्वच्छ दिसतो. हायड्रोजनला स्वतःचे घराणे नाही. एक इलेक्ट्रॉन म्हणून तो पहिल्या गणावर बसवतात, पण तो वायू आहे आणि हॅलोजनांसारखा दोन अणूंचा रेणू करतो. पाठ्यपुस्तक त्याला कुठे ठेवते ते लिहावे आणि दोन्ही बाजू माहीत असाव्यात.

आता शेवटचा प्रश्न. ११८ पाठ करू नयेत. शेवटची चार नावे तर २०१६ मध्ये ठरली आणि ओगानेसनचे आजवर मोजकेच अणू तयार झाले आहेत. क्रमाने पहिली वीस संरूपणासह यावीत. उभी यावीत ती गण १, २, १७ आणि १८, वरून खाली. गण १३ ते १६ चे वरचे दोन-दोन सदस्य. संक्रामक मूलद्रव्यांत स्कँडिअम ते जस्त ही पहिली रांग, शिवाय चांदी, सोने, पारा यांची जागा. लँथनाइड आणि ॲक्टिनाइड कुठे बसतात आणि खाली वेगळे का काढतात एवढे कळले की झाले.

नंतर हा सराव द्या. कोऱ्या कागदावर एक गण लिहून मधले एक नाव झाकायचे आणि त्याची अवस्था, संयुजा, क्लोराइडचे किंवा ऑक्साइडचे सूत्र, पाण्याशी वागणूक हे शेजाऱ्यांवरून लिहायचे. मग पुस्तकात पडताळायचे. स्ट्रॉन्शिअमपासून सुरुवात करावी, मग रुबिडिअम, मग सेलेनिअम. हे जमले की अ‍ॅस्टॅटिन द्या. त्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिक आठ तासांत निम्मा होतो आणि डोळ्यांना दिसेल एवढा नमुना आजवर कुणी जमवलेला नाही. तिने हॅलोजनांची पायरी नीट पाहिली असेल तर ‘गडद रंगाचा स्थायू, आयोडीनहून कमी अभिक्रियाशील, सोडिअमशी एकास एक संयुग’ एवढे ती स्वतःहून लिहील.